माडीवर हीटिंग मॅट आणि लाकडी फ्लोअरिंग: मातीचा थर काढावा का?

नमस्कार मंडळी. खानापुरात आमचं जुनं कौलारू घर आहे. माडीवरची आईची खोली 12 बाय 14 फूट. सागवानी तुळया, त्यावर फळ्या, वर तीन इंच माती, शेणानं सारवलेली. डिसेंबर-जानेवारीत ती जमीन इतकी गार पडते की आईचे गुडघे धरतात. म्हणून विजेची हीटिंग मॅट (फ्लोअरिंगखाली अंथरायची, तापणाऱ्या तारांची जाळी) आणि वर इंजिनिअर्ड लाकडी पट्ट्या (खाली प्लायसारखे थर, वर खऱ्या लाकडाचा पापुद्रा) घालायच्या आहेत.

तुळया पटाशीनं टोचून पाहिल्या, वाळवी नाही. भिंतीतल्या एका टोकाला मात्र पावसाळ्यात ओल येते; तिथली कौलं परतून घेतलीत. गवंडी म्हणतो, मातीवरच काँक्रीट ओता. मला त्या वजनाची भीती वाटते. सुतार म्हणतो, माती काढून प्लाय ठोका. तेच पटतंय, पण मग ऊब खालच्या स्वयंपाकघरातच जाईल. दाराची चौकट बुटकी, त्यामुळे जमीन आतापेक्षा इंचभरच वर नेता येईल. वायरिंग नवीन आहे, खोलीला वेगळी लाइन ओढू. लाकूड 27 अंशांपुढे तापू नये म्हणून जमिनीत सेन्सर असलेला थर्मोस्टॅट घेणार आहे.

माती काढल्यावर फळ्यांवर उष्णता अडवायला नेमकं काय घालावं, आणि आमच्याकडच्या पावसात लाकूड फुगतं ते धरून भिंतीलगत किती फट सोडावी?