मदत हवी आहे : गोव्याचे संतोष करंडकातले अंतिम सामने

मंडळी, संतोष करंडक या आंतरराज्य फुटबॉल स्पर्धेतल्या गोव्याच्या अंतिम सामन्यांचा तक्ता तयार होतोय. निकालांचं सोपं आहे, अडतंय ते तपशिलात.

१९८२-८३, कोलकाता : बंगालशी ०-०, पुन्हा खेळवला तरी ०-०, म्हणून संयुक्त विजेतेपद. इथे दोन सामने दोन ओळींत हवेत. एकाच ओळीत कोंबले की खेळाडूंचे सामने कमी भरतात. १९८३-८४ ला पंजाबवर १-०, आणि ब्रह्मानंद संखवाळकर गोलमध्ये असताना अख्ख्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही! २००८-०९ ला बंगालविरुद्ध टायब्रेकर (पेनल्टी शूटआउट). तो सामना ०-० बरोबरीच धरायचा, पेनल्टीचे गोल कुणाच्याही खात्यात जात नाहीत.

हवंय ते असं : दोन्ही कोलकाता सामन्यांचे सुरुवातीचे अकरा, बदली खेळाडू कितव्या मिनिटाला, जादा वेळ खेळवला का. 'गोमन्तक', 'नवप्रभा'ची कात्रणं कुणाकडे आहेत का? फोटो काढताना पानावरची तारीख कापू नका. हंगाम दोन वर्षांत पसरतो, त्यामुळे तारखेशिवाय कात्रण जवळपास निरुपयोगी. आठवणीतली नावंही चालतील, फक्त तसं लिहा.