जुनी जिप्सी घरीच नीट करायचीय, फोर बाय फोर टाकलं तरी पुढची चाकं ओढत नाहीत

बालाघाटकर (अंबाजोगाई)

राम राम मंडळी. चुलत्याची जिप्सी किंग हाय, २००३ ची, एमपीएफआय पेट्रोल, एमएच २३ पासिंग. चुलते आता चालवत नाहीत म्हणून शेतातल्या शेडमधी उभी होती, ती मी आता घरी आणलीय. इंजिन एकदम ओके, हाफ सेल्फला उठतंय, पण बाकी लई कटकटी हाईत. एक म्हणजे ५०-६० च्या स्पीडला एखादा खड्डा लागला की स्टेअरिंग असं काय हाणतंय की ब्रेक मारून गाडी पार थांबवल्याशिवाय बंदच होत नाही. दुसरं, पाऊस झाल्यावर पाणंदीच्या चिखलात फोर बाय फोर टाकलं तर लिव्हर व्यवस्थित पडतंय, पण फिरतात फक्त मागची चाकं, पुढची नुसती बघत बसत्यात. पुढच्या चाकांवरचे हब (हे लॉक केले तरच चाक अ‍ॅक्सलला जोडलं जातं) दोन्ही बाजूचे हातानं लॉकवर फिरवलेले असतात, ते विसरत नाही. तिसरं, पुढच्या दोन्ही चाकांच्या आतल्या गोळ्यातून (अ‍ॅक्सलच्या टोकाचा गोल भाग) काळं पातळ ग्रीससारखं गळायलंय, रिमच्या आतली बाजू सगळी माखलीय.

गावातला फिटर म्हणतो स्टेअरिंगचा डॅम्पर (झटके दाबणारा शॉकअप) बदला, व्हॉबल, म्हणजे हे हाणणं, जाईल. मित्र म्हणतो ते सगळं राहू दे, आधी २३५ चे मड टायर टाक आन् अ‍ॅक्सलवर पाटे चढवून गाडी उचल, चिखलाचा प्रश्नच मिटतो. माझ्याकडं पान्यांचा पूर्ण सेट, हायड्रॉलिक जॅक, ग्रीस गन असं सगळं हाय आन् दिवाळीपर्यंत वेळ हाय. बजेट ४० हजार धरा. आधी कशाला हात घालू?

उदगीरवाला

टायर टाक बिनधास्त. २३५ वर जिप्सी जी दिसती ना राव, नाद नाय करायचा. फोटू टाक झाल्यावर.

जुना_लेथ (लातूर)

बालाघाटकर भाऊ, टायर आन् लिफ्टचं पैशासकट बाजूला ठेव. तू सांगितलेल्या तिन्ही तक्रारी पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन टोकांना हाईत, तिथंच हात घालायचा. घर आमचं लेथचं, पण जिप्सीचे पुढचे नकल (चाक वळवणारे सांधे) एवढे उघडलेत की जरा लांबण लावून लिहितो, चहा घेऊन बस.

पहिलं फोर बाय फोर. ह्या गाडीला पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मधी डिफ्रन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा) नाही, लिव्हर फोर-एचला (फोर बाय फोर, हाय रेंज) टाकलं की ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढं-मागं वाटणारा डबा) दोन्ही शाफ्ट एकमेकाला बांधून टाकतो. म्हणून टेस्ट सोपी हाय आन् फुकट हाय. सपाट जागेवर मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लाव, हँडब्रेक ओढ, गिअर न्यूट्रल, लिव्हर फोर-एच, दोन्ही हब लॉक. आता पुढचं एकच चाक जॅकनं उचल आन् खाली लोखंडी घोडी (स्टँड) लाव (विटा लावू नको रे बाबा, वीट कधी फुटती ते सांगून फुटत नाही). मग चाक हातानं फिरवून बघ. सगळं नीट असंल तर ते फिरायलाच नको, थोडी ढिल लागून अडलं पाहिजे. फिरलं तर खाली वाकून पुढच्या शाफ्टकडं बघ. चाकाबरोबर शाफ्ट बी फिरत असंल तर ट्रान्सफर केस आतून जोडत नाही. चाक फिरतंय आन् शाफ्ट गप उभा हाय, तर हब पकडत नाही, नाहीतर आतली अ‍ॅक्सलची दांडी तुटलीय.

आता गंमत बघ. एकाच बाजूचा हब गेला असला तरी दुसऱ्या बाजूचं चाक बी मोकळंच फिरतं, कारण पुढच्या दोन चाकांच्या मधी डिफ्रन्शियल हाय, ते सगळी ताकद जिकडं मोकळं हाय तिकडं सोडून देतं. म्हणजे एक हब फेल म्हणजे पुढचे दोन्ही फेल. लोक ट्रान्सफर केस खाली उतरवून बसत्यात आन् दुखणं असतंय टोपीएवढ्या हबमधी. तुझी गाडी बरीच उभी होती ना, माझा अंदाज तोच हाय. आतलं ग्रीस सुकून डांबरासारखं झालं की वरची कळ लॉकवर फिरती पण आतली दात्याची रिंग पुढं सरकतच नाही. हबचे सहा बोल्ट काढ, हब डिझेलमधी धू, पुसून कोरडा कर आन् अगदी पातळ हात ग्रीसचा दे. ठासून ग्रीस भरलं तर परत तेच हुईल. खाजगीत सांगायचं तर अर्धे फिटर इथंच ठासून भरत्यात.

दुसरं, स्टेअरिंग. डॅम्पर टाकला की व्हॉबल दबतं, जात नाही, आन् आत जे खातंय ते खातच राहतं. पुढचं चाक उचलून वर-खाली धर, म्हणजे घड्याळात १२ आन् ६ वाजता असतंय तसं, आन् हलव. हललं तर घरच्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला लाव आन् परत हलव. ब्रेक दाबल्यावर ढिल गेली तर व्हील बेअरिंग. ब्रेक दाबून बी तेवढंच हलतंय तर किंग पिनचे, म्हणजे नकल ज्याच्यावर वळतो त्या खुंटीचे, बेअरिंग. पुढं डिस्क असल्यामुळं ब्रेक दाबला की हब आन् नकल एकजीव होत्यात, म्हणून हे कळतं. टाय रॉडची (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांडीची) टोकं वेगळी बघायची, एकानं स्टेअरिंग डावं-उजवं थोडं थोडं हलवायचं आन् दुसऱ्यानं टोकावर हात ठेवायचा, ढिल हाताला बरोबर लागती.

किंग पिनला वर एक खाली एक असे छोटे टेपर बेअरिंग असत्यात, दोन्ही बाजूचे मिळून चार. बदलायला अवघड नाहीत, पण वर-खालच्या कॅपखाली पातळ शिम्स (पत्र्याच्या चकत्या) असत्यात त्या डाव्या-उजव्या, वरच्या-खालच्या अजिबात मिसळू द्यायच्या नाहीत. चार डबे घे, डब्यावर खडूनं लिही. जुने कप ठोकून काढताना गोळ्याच्या आत ओरखडा पाडू नको.

तिसरं ते काळं पाणी. डिफ्रन्शियलचं ऑइल अ‍ॅक्सलच्या आतल्या सीलमधनं गोळ्यात उतरतंय, तिथल्या ग्रीसमधी मिसळतंय आन् बाहेरचं गोल सील बी गेलंय म्हणून रिमवर येतंय. नकल उघडलाच हाईस तर आतलं सील, बाहेरचं सील, बेअरिंग, सगळं एकाच फेरीत कर. दोन-दोनदा उघडायचं काम नाही हे, लई घाण होती. पुढच्या हाउसिंगमधलं ऑइल बी खाली गेलेलं असणार. त्यात २ लिटर बसतं, मागच्यात दीड, ट्रान्सफर केसमधी ०.८. एक लक्षात ठेव, आधी भरायचा बोल्ट सुटतोय का बघायचं, मगच खालचा सोडायचा. वरचा गंजून बसला असंल तर ऑइल सांडून गाडी जागेवर.

एवढं सगळं अस्सल पार्ट घालून बी तुझ्या बजेटच्या बरंच आत बसंल, मजुरी तुझी घरचीच हाय.

माजलगावचा_माळी

लेथ भाऊंनी सगळं सांगितलंच, मी फक्त चिखलावर बोलतो कारण आमचा सगळा पट्टा कालव्याचा आन् उसाचा, काळ्या मातीत आमचा जन्म गेला. बाहेरचे लोक मड टायर मड टायर करत्यात पण त्यांचा चिखल वेगळा आन् आपला वेगळा. आपली माती पाणी पिऊन फुगती आन् टायरच्या खाचांत अशी बसती की दोन गिरक्यांत टायर गोल गुळगुळीत होऊन जातो, मग तो मडचा असू द्या का कशाचा. मोठ्या खाचांचा टायर फेकतो माती, नाही असं नाही, पण त्याला चाक जरा जोरात फिरावं लागतं आन् जोरात फिरवलं की गाडी खाली बसती. म्हणजे इकडं आड तिकडं विहीर. आमच्याकडं जे चालतं ते सांगतो, हवा कमी करायची. रस्त्यावर २४-२६ पीएसआय असंल तर चिखलात शिरायच्या आधी १६-१८ करायची, टायर पसरतो आन् गाडी वर तरंगती. लो रेंज, दुसरा गिअर, क्लच सोडला की परत धरायचा नाही, आन् रुतली की रेस करायची नाही. बाहेर आल्यावर परत हवा भरायची, म्हणून ४० हजारातले दोन-तीन हजार एका चांगल्या १२ व्होल्टच्या पंपावर घाल. २०५ चेच चांगले ऑल टेरेन टायर बास होत्यात.

आन् ते डांबरावर फोर बाय फोर टाकून हिंडू नका, बरीच पोरं हिंडत्यात. वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापत्यात, शाफ्ट बांधलेले असल्यामुळं आत पीळ पडतो आन् मग लिव्हर निघता निघत नाही. निघालं नाही तर ओढाताण करू नका, गाडी सरळ चार-पाच फूट रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो आन् लिव्हर आपोआप येतं.

उदगीरवाला

मामा, २३५ नं ग्राउंड क्लिअरन्स तरी वाढतोच की.

जुना_लेथ (लातूर)

वाढतो की, किती ते बघ. कंपनीचा टायर २०५/७० आर १५ म्हणजे उंची ६६८ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ म्हणजे ७३३ च्या आसपास. फरक साडेसहा सेंटीमीटर, त्यातला अर्धाच अ‍ॅक्सलखाली मिळतो, म्हणजे सव्वातीन सेंटीमीटर, दोन बोटं. त्याच्यासाठी चाक १० टक्के मोठं झालं. काटा ६० दाखवंल तवा गाडी ६६ नं पळत असती, १३०० सीसीच्या इंजिनला प्रत्येक गिअर जड जातो, ब्रेकला जास्त जोर लागतो, आन् स्टेअरिंग पूर्ण तोडलं की टायर फेंडरला घासतो, मग ग्राइंडर घेऊन कापाकापी. ढिल्या किंग पिनवर जड टायर चढवला तर आज ५० ला हाणतंय ते ४० ला हाणंल. अ‍ॅक्सलवर पाटे चढवणं तर आणखी पुढचं, त्यात शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेकचे होज लांब लागत्यात, ड्रॅग लिंक (स्टेअरिंगची दांडी) तिरकी होती. फोटूसाठी करायचं तर कर, शेतात जायला काय गरज नाही.

कागदपत्रंवाला (जालना)

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा, आरसीवर जे तपशील आहेत ते कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलंय. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, नंतर आरसीवर नोंद. इथं अजून कुणी म्हणालं नाही पण कुणीतरी म्हणणारच की डिझेल इंजिन बसव, तर आधी हे वाचा. सस्पेन्शन उचललेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट त्याच्यावरच ठेवते. शिवाय गाडी २००३ ची, म्हणजे १५ वर्षं २०१८ ला संपली, त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून गाडी फिटनेसला न्यावी लागते. तिथं लिफ्ट आणि बाहेर आलेले टायर घेऊन उभं राहायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा. रिन्यूअल झालंय का? पर्यावरण कर भरलाय का? गाडी अजून चुलत्यांच्याच नावावर आहे का?

बालाघाटकर (अंबाजोगाई)

कागदं क्लिअर हाईत दादा, २०२८ पर्यंत. नावावर चुलत्यांच्याच हाय, आन् ते म्हणत्यात मी हाय तोवर राहू दे, त्यामुळं त्या विषयात मी पडत नाही.

लेथ भाऊ, टेस्ट केली. डावं चाक उचललं तर मोकळं फिरलं आन् शाफ्ट गप. उजवं बी तसंच. दोन्ही हब खोलले, डाव्याचं ग्रीस वाळून चॉकलेटी खडा झालेलं, रिंग हातानं बी सरकंना. उजवा बरा होता. दोन्ही डिझेलमधी धुतले, पातळ ग्रीस देऊन बसवले, परत टेस्ट केली तर चाक जागच्या जागी अडलं! एक रुपाया खर्च नाही, डिझेल ट्रॅक्टरचंच होतं. काल पाणंदीत नेऊन बघितली, पुढून अशी ओढली की चुलते बी बघायला आले.

ब्रेक दाबून हलवलं तर उजव्या बाजूला ढिल तशीच राहती, म्हणजे किंग पिनच. डाव्याला जरा कमी हाय. किट मागवलंय, चारही बेअरिंग आन् सगळे सील. आता विचारायचंय ते शिम्सचं. नवीन बेअरिंग बसवल्यावर जुन्या शिम्स तशाच घालायच्या का कमी-जास्त करायच्या? किती टाइट म्हणजे बरोबर, ते हाताला कसं कळणार?

जुना_लेथ (लातूर)

हाताला कळत नाही, काट्यानं मोजायचं. सुरुवात जुन्या शिम्सपासूनच कर, जिथली तिथं. बाहेरचं गोल सील अजून लावायचं नाही, टाय रॉड सुटा ठेवायचा, बेअरिंगला ग्रीस लावून वरच्या-खालच्या कॅप पूर्ण टाइट करायच्या. मग नकलला जिथं टाय रॉडचं टोक बसतं त्या भोकात स्प्रिंगचा काटा अडकवून काटकोनात ओढ. नकल हलायला सुरुवात होताना काटा १ ते १.८ किलोच्या मधी दाखवायला पाहिजे. कमी दाखवला तर शिम काढ, जास्त दाखवला तर शिम घाल. काढताना-घालताना वरून आन् खालून सारखंच करायचं, नाहीतर नकल अ‍ॅक्सलच्या मधोमध राहत नाही. कापूस मोजायचा मोठा काटा घेऊ नको, त्याच्यावर एवढं बारीक कळत नाही, भाजीवाल्याकडं पाच-दहा किलोचा असतो तो घे.

दोन्ही बाजू कर, एकच करू नको. आन् सील बसवायच्या आधी गोळ्याच्या बाहेरच्या अंगाला गंजाचे खड्डे पडलेत का बघ. बारीक असतील तर ८०० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासून ग्रीस लाव. खोल खड्डे असले तर नवीन सील पावसाळाभर बी टिकायचं नाही, तवा आधी इथं सांग, मग बघू वेल्डिंगनं भरून लेथवर काढता येतंय का.