पत्र हवंय, मंगळवारच्या आत: एमबीईची फाइल अडलीय

प्रेषक: वहिनी (सध्या पुणे)
विषय: पत्र हवंय, तातडीचं

नमस्कार मंडळी,

कोथरूडहून, बहिणीच्या घरून लिहितेय. मंगळवारी रात्री मुंबईहून विमान आहे, म्हणून थेट कामाचंच बोलते.

अमेरिकेतल्या माझ्या पोळ्यांच्या धंद्यासाठी मी एमबीईचं, म्हणजे अल्पसंख्याकांच्या मालकीच्या उद्योगाचं, सर्टिफिकेट मागितलंय. ते देणाऱ्या काउन्सिलची परवा मेल आली. फाइलमधलं बाकी सगळं त्यांना पटलंय. मालकीत माझे 51 टक्के, ह्यांचे 49, टॅक्स रिटर्न, किचनचा भाडेकरार, बँकेत सही कोणाची, सगळं. अडलंय एकाच कागदावर: माझं मूळ भारतीय असल्याचा पुरावा. मी जन्मदाखला जोडला होता, तो त्यांनी परत केला. 1974 चा दाखला. आईचं नाव आहे, बाबांचं आहे, सदाशिव पेठेतल्या प्रसूतिगृहाचा पत्ता आहे, लिंग 'स्त्री' आहे. बाळाच्या नावापुढे मात्र नुसती आडवी रेघ. प्रसूतिगृहाने आठवड्यात नोंद केली, बारसं बाराव्या दिवशी झालं, मग आई मला घेऊन साताऱ्याला गेली. नाव कळवायला परत कोण येणार?

सचिवांना विनंती, मंडळाच्या लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र द्या: 'या आमच्या जुन्या सभासद असून मूळच्या पुण्याच्या आहेत.' कॅफेटेरियावाल्या कंत्राटदाराने महिनाअखेरपर्यंत सर्टिफिकेट मागितलंय. त्यांच्या वरच्या कंपनीला आमच्याकडून घेतलेला माल 'टियर टू', म्हणजे पुरवठादारामार्फत अल्पसंख्याकांकडून केलेल्या खरेदीच्या, खात्यात दाखवता येतो, म्हणून तर ते आमच्याशी बोलायला तयार झाले. हा महिना गेला की पुढच्या वर्षीच्या यादीपर्यंत थांबा.

वहिनी

---

प्रेषक: सचिव
विषय: Re: पत्र हवंय, तातडीचं

वहिनी, तुमची घाई समजते. गणपतीच्या पाचही दिवसांच्या पोळ्या तुम्ही कशा पुरवल्या ते मी विसरलेलो नाही. पण मूळ प्रमाणित करणारं पत्र मंडळ देऊ शकत नाही. त्या व्हिसाच्या पत्रावरून जे झालं ते जुन्या कमिटीला आठवत असेलच. कोण कुठल्या वंशाचं हे सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. 'अमुक सालापासून सभासद' एवढं पत्र मी आज रात्रीसुद्धा देईन, त्यापुढचं एक अक्षर नाही.

---

प्रेषक: खजिनदार अण्णा
विषय: Re: Re: पत्र हवंय, तातडीचं

सचिवांशी सहमत, आणि एक भर. आपलं मंडळ 501(सी)(3) आहे, म्हणजे धर्मादाय. एखाद्या सभासदाच्या धंद्याला फायदा व्हावा म्हणून मंडळाचं नाव वापरलं तर उद्या हिशेब तपासताना प्रश्न मलाच विचारतील. व्यापारी संघटनेसाठी 501(सी)(6) हा वेगळा प्रकार आहे. मंडळात 'उद्योजक जाळं' काढायची चर्चा चालते, ते काढायचं असेल तर त्याखाली काढा, मी अर्ज भरून देतो.

आणि कृपा करून त्यासाठी नवी यादी करू नका. मराठी व्यावसायिकांची यादी आहे, दिवाळी अंकाच्या जाहिरातदारांची. ती मी अकरा वर्षं ठेवतोय, फोन करून करून. गेल्या वर्षी महिला शाखेने दुसरी केली आणि तीन जाहिरातदारांना दोनदा बिल गेलं.

---

प्रेषक: ताई, महिला शाखा
विषय: Re: Re: Re: पत्र हवंय, तातडीचं

अण्णा, बिलाची चूक आमच्या यादीमुळे झाली नव्हती, पण ते प्रत्यक्ष भेटीत बोलू.

आमच्या यादीत ज्या सत्तावीस बायका आहेत त्यातल्या निम्म्या तुमच्या यादीत कधी आल्याच नसत्या. घरून मसाले करणारी, डे-केअर चालवणारी, टॅक्सचं काम करणारी पूर्ण पानाची जाहिरात देत नाही. ती यादी ठेवायलाच हवी आणि ती आम्हीच ठेवणार.

वहिनी, डब्ल्यूबेंकचा विचार केलात का? 1997 पासूनची संस्था आहे, स्त्रियांच्या मालकीच्या उद्योगांना सर्टिफिकेट देते. तिथेही मालकी आणि कारभार 51 टक्के स्त्रीचा लागतो, पण वंशाचा पुरावा लागत नाही. ग्रीन कार्डवालीलाही चालतं, एमबीईला मात्र नागरिकत्वच लागतं. आपल्याकडे कितीतरी जणी ग्रीन कार्डवर आहेत आणि त्यांना हे माहीतच नाही. दोन्ही सर्टिफिकेटं असलेल्याही पुष्कळ जणी असतात.

---

प्रेषक: दादा
विषय: Re: पत्र हवंय, तातडीचं

वहिनींच्या कामाबद्दल मला आदरच आहे, हे आधीच सांगतो. पण मनात बरेच दिवस आहे ते बोलतोच. ही सर्टिफिकेटं ज्यांच्यासाठी निघाली ते आपण आहोत का? 1969 मध्ये निक्सननी अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी सरकारी कार्यालय काढलं ते कृष्णवर्णीय वस्त्या जळल्यानंतर, तिथल्या दुकानदारांना बँका उभ्या करत नव्हत्या म्हणून. आपण पदव्या घेऊन विमानाने आलो. त्यांच्या रांगेत उभं राहताना मला संकोच वाटतो.

शिवाय रांगसुद्धा आता डळमळीत आहे. टेनेसीतल्या फेडरल न्यायालयाने जुलै 2023 मध्ये एसबीएच्या, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी खात्याच्या, 'एट-ए' या वंचित उद्योजकांना सरकारी कामं देणाऱ्या योजनेतलं गृहीतक थांबवलं. तोवर ठरावीक समाजांतले लोक सामाजिकदृष्ट्या वंचित धरले जायचे, त्यात आपणही होतो. निकालानंतर प्रत्येकाला स्वतःची हकीकत लिहून द्यावी लागू लागली. एवढी धावपळ करून मिळवलेलं टिकणार आहे का?

---

प्रेषक: मामा (भोसरी)
विषय: पोळीचं मशीन

वहिनी, काल आमच्या गाळ्याशेजारी मशीन बघायला आला होतात ते हेच काम ना? ऑर्डर पक्की करण्याआधी मोटरचं विचारा. इथली मोटर 415 व्होल्ट, 50 हर्ट्झ. तुमच्याकडे 60 हर्ट्झ, तिथे तीच मोटर वीस टक्के जोरात फिरेल. म्हणजे पट्टा जोरात, पोळी कच्ची. आमच्या एका गिऱ्हाईकाने शिकागोला मशीन पाठवलं होतं, पोळ्या दुसऱ्या टोकाला पांढऱ्या पडायच्या, महिनाभर तवाच दोषी ठरत होता. शिवाय तुमच्याकडचा हेल्थ इन्स्पेक्टर एनएसएफचा, म्हणजे खाद्ययंत्रांच्या स्वच्छतेचा, शिक्का मागेल, तोही इथल्या मशीनवर नसतो. मशीनवाल्याला हे माहीत असेलच असं नाही, तो माल विकून मोकळा होतो.

---

प्रेषक: बाणेरचे काका
विषय: Re: पत्र हवंय, तातडीचं

पुण्याला परत येऊन नऊ वर्षं झाली, तरी ही लिस्ट सोडवत नाही. दादांना उत्तर देतो, मग वहिनींचं काम.

दादा, तुमचा संकोच खरा आहे आणि मला तो आवडला. पण आपण त्या यादीत चोरवाटेने शिरलेलो नाही. एसबीएच्या यादीत भारतीय उपखंडातले लोक 1982 मध्ये आले, ते आपल्याच लोकांनी अर्ज करून, भेदभावाचे अनुभव लिहून देऊन. आणि वहिनी मागतायत ते एनएमएसडीसीचं, म्हणजे या काउन्सिलच्या वरच्या संस्थेचं, सर्टिफिकेट. ती 1972 पासूनची खासगी संस्था आहे, मोठ्या कंपन्यांच्या वर्गणीवर चालते. सरकारी योजनेचा निकाल तिला जसाच्या तसा लागू होत नाही. कंपन्या स्वतःहून हात आखडता घेतायत, तो वेगळा धोका आहे आणि तो खरा आहे.

आता माझं. 1991 ला ओहायोत माझ्याकडे सहा लेथ होते. पाच माणसं. काम चोख, भाव कमी, आणि एकाही मोठ्या कंपनीच्या खरेदी खात्यातून फोन उचलला जायचा नाही. भांडण कोणाशी नव्हतं. ते एकमेकांना ओळखायचे; एकाच चर्चमधले, एकाच गोल्फ क्लबमधले. मला ओळखणारं कोणी नव्हतं. सर्टिफिकेट काढलं, भिंतीवर लावलं. दीड वर्षं एक ऑर्डर नाही. बायको म्हणाली, फ्रेमचे पैसे गेले.

काम आलं ते काउन्सिलच्या महिन्याच्या बैठकीतून. हीट ट्रीटमेंटचा कारखाना असलेले एक कृष्णवर्णीय गृहस्थ माझ्या शेजारी बसायचे. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. एकदा त्यांनी खिशातून एक बुश, म्हणजे यंत्रात बसणारी धातूची छोटी नळी, काढून टेबलावर ठेवला, बोटाने फिरवला आणि विचारलं, असे चार हजार पाडून देशील का, माझ्या गिऱ्हाईकाचा नेहमीचा माणूस मागे पडलाय. मी दिले. मग त्यांनी मला त्या गिऱ्हाईकाच्या खरेदी अधिकाऱ्याबरोबर जेवायला बसवलं. ते जेवण म्हणजे माझा धंदा. पुढची चौदा वर्षं त्या कंपनीचं काम केलं. दादा, ज्यांच्या रांगेत उभं राहायला तुम्हाला संकोच वाटतो त्यांनीच मला हात धरून आत नेलं. मला ते फेडायचं होतं आणि मी ते त्यांच्याच लोकांना कामं देऊन फेडलं. संकोच वाटतो तर रांग सोडू नका, आत गेल्यावर मागच्याला ओढा.

पुण्यात बसून हे लिहिताना एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्या लिस्टवरच्या बहुतेकांना 'डिक्की' माहीत नसते. दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स, 2005 मध्ये मिलिंद कांबळे यांनी पुण्यातच काढली. 2012 मध्ये केंद्राचं सरकारी खरेदीचं धोरण आलं, त्यात सूक्ष्म-लघु उद्योगांच्या वाट्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांसाठी ठेवले, आणि प्रायव्हेट लिमिटेड असेल तर तिथेही अट 51 टक्क्यांचीच. पुण्यात वाढलेल्या आपल्यापैकी कितीजणांना शाळेत, कॉलेजात, बँकेत ओळख लावून देणारं कोणी ना कोणी होतं! ओहायोत ती ओळख पुसली गेली, पण माझ्याच गावात ती कोणाकोणाला कधी मिळालीच नव्हती हे तेव्हा मनात आलं नाही. ते मला साठी उलटल्यावर कळलं, आधी कळायला हवं होतं.

वहिनी, आता कागद. पालिकेत नाव लावून घेण्याच्या मागे मंगळवारच्या आत लागू नका. जन्मापासून 12 महिन्यांत फुकट, 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून, असा नियम आहे. जुन्या नोंदींना सरकारने मुदत वाढवून दिली होती, पण प्रतिज्ञापत्रं लागतात आणि आठवडा तसाच जातो. त्यापेक्षा घरातली पेटी उघडा. तुमच्या नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवर पूर्वीचं राष्ट्रीयत्व लिहिलेलं असतं. अमेरिकी पासपोर्टवर जन्मस्थान 'इंडिया' असतं. आणि सगळ्यात मोलाचा म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला: त्यावर नाव, वडील, जन्मस्थळ, जात, मातृभाषा सगळं एका ओळीत. मूळ हरवला असेल तर शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा मागा. काउन्सिलला आधी मेल करून विचारा, यातलं काय चालेल. विचारल्याशिवाय गठ्ठा पाठवू नका, मी तसा एकदा पाठवला होता आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं.

आणि सचिव, पत्र द्या हो. सभासदत्वाचंच द्या, पण द्या.

---

प्रेषक: दादा
विषय: Re: Re: पत्र हवंय, तातडीचं

काका, वाचलं. दोनदा. रात्री फोन करतो.

---

प्रेषक: खजिनदार अण्णा
विषय: Re: पोळीचं मशीन

मामा, 415 ची मोटर इथे ट्रान्सफॉर्मर लावून चालत नाही का? आमच्या देवळाची पिठाची गिरणी तशीच चालते.

---

प्रेषक: मामा (भोसरी)
विषय: Re: Re: पोळीचं मशीन

व्होल्टेज बदलेल, हर्ट्झ नाही बदलणार. गिरणीला वेगाचं एवढं नसतं, पीठ पीठच राहतं. पोळीला तव्यावरचे सेकंद मोजून लागतात.

---

प्रेषक: सचिव
विषय: Re: पत्र हवंय, तातडीचं

सभासदत्वाचं पत्र सही करून वहिनींना पाठवलं आहे. त्यात वर्ष आणि महिला शाखेतलं त्यांचं काम लिहिलं, मूळ लिहिलं नाही. अण्णा, (6) खाली संस्था काढण्याचा मुद्दा पुढच्या बैठकीत घेतो. ताई, दोन्ही याद्या घेऊन या. यादी कोणाकडे राहील हे बैठकीतच ठरवू, लिस्टवर नको.

---

प्रेषक: वहिनी (सध्या पुणे)
विषय: Re: पत्र हवंय, तातडीचं

सोमवार, दुपार. शाळेच्या ऑफिसातून लिहितेय.

काउन्सिलच्या बाईंचं उत्तर आलं: नॅचरलायझेशन सर्टिफिकेट आणि शाळेचा दाखला, दोन्ही जोडा, दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करून. क्लार्क मॅडमनी कपाटावरचं रजिस्टर उतरवलं. पानं कडेने तपकिरी झालीयत, हात लावला की कपचे निघतात. त्यांनी फूटपट्टी ठेवून ओळ शोधली. निळ्या शाईत माझं नाव, पूर्ण. जन्मस्थळाच्या रकान्यात 'पुणे'. पुढे बाबांची सही, त्यांचा तो लांब ओढलेला 'र'. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. मी थोडा वेळ बाकावर बसले.

उताऱ्यावर शिक्का झाला की शिवाजीनगरला भाषांतर आणि नोटरी. आज संध्याकाळी स्कॅन पाठवते.

काका, बैठकांना मी नियमित जाईन. तुमचे ते गृहस्थ आता आहेत का? त्यांच्या धंद्यावर कोणी असेल तर मला नाव द्या. ताई, घरी पोचले की डब्ल्यूबेंकचा फॉर्म तुमच्याकडे बसूनच भरू.

मामा, मशीन मोटरशिवाय पाठवायला सांगितलंय. त्याने हरकत घेतली, मग चार हजार कमी केले. एनएसएफच्या शिक्क्याचं मी तिकडच्या इन्स्पेक्टरलाच आधी विचारते. आता तिकडे 208 व्होल्ट, थ्री फेजची मोटर बसवून, पट्ट्याचा वेग लावून देणारा कोणी हवा. ताईंच्या किंवा अण्णांच्या यादीत असेल तर, कुठल्याही यादीतला चालेल, नंबर मला वेगळा पाठवा.

वहिनी