शब्दचर्चा : ‘ऊतक रंगवणे’ की ‘ऊतकाचे अभिरंजन’?

प्रश्न : आमच्या चिपळूणच्या प्रयोगशाळेत ऊतकावर (तपासणीसाठी काढलेल्या पेशीसमूहाच्या तुकड्यावर) प्रक्रिया करणारे एक आणि काचपट्ट्यांचे स्टेनिंग करणारे एक, अशी दोन यंत्रे बसवली आहेत. रुग्णांसाठीच्या फलकावर ‘ऊतक रंगवण्याची पूर्ण स्वयंचलित यंत्रणा’ असे लिहिणे योग्य ठरेल काय?

उत्तर : फलक मराठीत असावा हा आपला आग्रह मोलाचा आहे, परंतु ‘रंगवणे’ हे क्रियापद येथे अपुरे पडते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यावरचा रंग पृष्ठभागावर बसतो आणि कुंचला फिरेल तेथे सारखाच बसतो. ऊतकाच्या छेदात, म्हणजे अतिशय पातळ कापात, मात्र रंगद्रव्य जागा निवडते. हिमॅटॉक्सिलिनने पेशीकेंद्रके निळी-जांभळी होतात, इओसिनने भोवतीचे पेशीद्रव्य गुलाबी होते, आणि या फरकावरच विकृतिशास्त्रज्ञाचे निदान उभे असते. जिवाणू ओळखण्याच्या ‘ग्रॅम अभिरंजन’ या संज्ञेमुळे मराठी विज्ञानवाचकाला ‘अभिरंजन’ परिचित आहे; तोच शब्द घ्यावा. हिमॅटॉक्सिलिन ज्याच्या आधारे केंद्रकाला धरून राहते त्या तुरटीतील ॲल्युमिनियमलाही कापडाच्या रंगाईतला ‘रंगबंधक’ (रंग धाग्याला धरून ठेवणारा पदार्थ) हा शब्द जसाच्या तसा लागू पडतो.

‘पूर्ण स्वयंचलित’ या विशेषणाला मात्र माझी स्पष्ट हरकत आहे. फॉर्मॅलिनमध्ये स्थिर केलेल्या तुकड्यातील पाणी चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने काढणे, झायलिनने अल्कोहोल घालवणे आणि सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या पॅराफिन मेणात तो मुरवणे, एवढे काम पहिले यंत्र बहुधा रात्रभरात करते. त्यानंतर तुकडा योग्य बाजूने ठेवून मेणाचा ठोकळा ओतणे, मायक्रोटोम या पातळ काप घेणाऱ्या यंत्रावर ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे छेद घेणे, ते कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर उचलणे, ही कामे बहुतेक प्रयोगशाळांत तंत्रज्ञाच्या हातांनीच होतात. दुसऱ्या यंत्राचे काम त्यापुढे सुरू होते. त्या हातांचे कौशल्य फलकावरून पुसले जाऊ नये. म्हणून ‘स्वयंचलित ऊतक-प्रक्रिया यंत्र’ आणि ‘स्वयंचलित अभिरंजन यंत्र’ अशी दोन स्वतंत्र नावे द्यावीत.

पुढील प्रश्न : आभारी आहे. यंत्रातील ‘ब्लुइंग’च्या भांड्यावर ‘नीळ देणे’ असे लिहावे काय?

उत्तर : तसे लिहू नये. कपड्यांना नीळ देताना बाहेरून नवे रंगद्रव्य घातले जाते, तर ब्लुइंगमध्ये नवा रंग मुळीच येत नाही; हिमॅटॉक्सिलिनची तांबूस-जांभळी छटा किंचित अल्कधर्मी पाण्यात निळी होते, इतकेच. ‘निळे करणे’ हे साधे शब्द तेथे पुरेसे आहेत. कोकणात त्या भांड्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण अनेक ठिकाणी साध्या नळाच्या पाण्याने हे काम भागत असले, तरी जांभ्याच्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते, आणि त्यात केंद्रके तांबूसच राहू शकतात. अशा वेळी अमोनियाचे अतिशय सौम्य पाणी किंवा सोडियम बायकार्बोनेट व मॅग्नेशियम सल्फेट यांचे द्रावण वापरतात. आपल्याकडे यांपैकी जे वापरात असेल, त्याचे नाव ‘निळे करणे’ या शब्दांखाली अवश्य लिहावे, म्हणजे भांडे भरणाऱ्याच्या हातून तेथे विहिरीचे पाणी ओतले जाणार नाही.