मदत हवी आहे: आर्वो पॅर्टची 'फ्यूर अलिना' पियानोवर कशी बसवावी?

नमस्कार मंडळी. एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पॅर्ट (जन्म १९३५) यांची 'फ्यूर अलिना' ही छोटी रचना मी सध्या बसवतेय. १९६८ च्या 'क्रेडो' या धार्मिक समूहगायन रचनेवरून सोव्हिएत अधिकाऱ्यांची नाराजी ओढवल्यावर ते बरीच वर्षं जवळपास गप्प होते, जुनं चर्चसंगीत अभ्यासत होते. त्यातून १९७६ मध्ये ही रचना आली. घंटानादासारखी त्यांची 'टिंटिनाब्युली' शैली इथूनच सुरू झाली.

कागदावर अगदी सोपी आहे. उजवा हात बहुतेक जवळच्या सुरांवर चढतो-उतरतो, डावा जवळजवळ फक्त बी मायनर या पाश्चात्त्य स्वरसमूहाच्या तीन मुख्य सुरांत फिरतो. ताल नाही, मात्रा नाहीत. नुसते काळे (छोटे) आणि पांढरे (लांबवायचे) ठिपके. सूर घुमत ठेवणारं पेडल सुरुवातीपासून दाबलेलं.

अडचण तिथेच आहे. पांढरा सूर किती वेळ घुमू द्यायचा? तानपुऱ्यावर वाढलेला माझा कान म्हणतो, सूर पूर्ण विरेपर्यंत थांब. पण घरी डिजिटल पियानो आहे, त्यावर सुरुवातीचा खर्जातला सूर फार लवकर मावळतो आणि वरचे सूर उघडे पडतात. कुणी ही रचना वाजवली आहे का? पेडलचं सेटिंग बदलून फरक पडतो, की खऱ्या पियानोशिवाय पर्याय नाही? मनापासून शिकायची आहे, कृपया सांगा.