टायाना ३७ : इसार देण्याआधी डेक तपासा

तैवानमध्ये बांधलेली, १९८० च्या सुमाराची टायाना ३७ ही शिडाची बोट चकचकीत दिसते म्हणून लगेच इसार द्यायला निघालात, पण जरा थांबा. रॉबर्ट पेरींचं हे डिझाइन खोल समुद्रासाठीचंच, जड आणि भरवशाचं, त्यात शंका नाही. काळजी आहे ती सागवानी डेकची. ते असंख्य स्क्रूंनी बसवलेलं असतं. तिथून पाणी झिरपून आतला गाभा कुजतो आणि वरून काहीच कळत नाही. डोलकाठीच्या तारा धरणाऱ्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे चेनप्लेट, डेकमधून जिथे आरपार जातात, तिथे स्टेनलेस स्टीललाही गंज चढतो. मालक त्या काढून बघू देत नसेल तर व्यवहार सोडा, खरंच. बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हेअरला, म्हणजे बोटी तपासणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा. आणि तारा पंधरा वर्षांहून जुन्या असतील तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागा.