बारा महिन्यांची स्थानबद्धता आणि उशिरा ऐकली जाणारी याचिका

कृष्णाकाठचा वकील
एखाद्यावर ‘एमपीडीए’ (धोकादायक ठरवलेल्या व्यक्तींना खटल्याविना स्थानबद्ध करू देणारा महाराष्ट्राचा कायदा) लागून त्याची येरवड्याला रवानगी झाली, की आपल्या साताऱ्याच्या पेठांत लोकांना हायसे वाटते. येथील न्यायालयात वकिली करत असल्यामुळे ते हायसे वाटणे मला समजते. तरीही 1981 च्या या कायद्याबद्दलचा माझा आक्षेप मांडतो. खटला न चालवता, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आणि नावे उघड न केलेल्या साक्षीदारांचे गोपनीय जबाब एवढ्या आधारावर माणसाला बारा महिन्यांपर्यंत आत ठेवता येते आणि स्थानबद्धतेला पुरेसे कारण आहे का हे पाहणाऱ्या सल्लागार मंडळापुढे वकील देण्याचा हक्कही त्याला नसतो. बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका, म्हणजे कैद कायदेशीर आहे का हे न्यायालयाने तपासावे अशी मागणी, हाच काय तो खरा मार्ग. पण ती निकाली निघेपर्यंत निम्मी मुदत सरून गेल्याचे मी पाहिले आहे. आदेश बेकायदा ठरला, तरी ते दिवस कोण भरून देणार?

राजवाड्याजवळचा दुकानदार
वकीलसाहेब, आपण कायद्याच्या बाजूने बोलता, मी गल्ल्यावर बसून बोलतो. माझ्या शेजारच्या गाळेवाल्याने हप्ता मागणाऱ्याविरुद्ध फिर्याद दिली, आरोपी थोड्याच दिवसांत जामिनावर सुटून त्याच चौकात उभा राहू लागला आणि फिर्यादी साक्षीच्या वेळी फितूर झाला. मी त्याला दोष देत नाही. नाव गुप्त राहणार नसेल, तर कोण जबाब देईल? शिवाय पाच दिवसांत कारणे कळवणे, बारा दिवसांत शासनाची मान्यता घेणे, तीन आठवड्यांत प्रकरण मंडळापुढे ठेवणे ही बंधने त्याच कायद्यात आहेत. याला मनमानी म्हणता येणार नाही.

कृष्णाकाठचा वकील
बंधने कागदावर आहेत, म्हणूनच ती पाळली की नाही हे तपासणारे न्यायालय हवे. 28 एप्रिल 1976 रोजी जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले, की आणीबाणीत अटक बेकायदा असली तरी ही याचिका करता येणार नाही. न्यायमूर्ती खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. तो निकाल चुकीचा होता हे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत म्हणायला 2017 साल उजाडले.

अजिंक्यताऱ्याखाली
सातारकरांनी तरी हा विषय परका मानू नये. 1839 मध्ये इंग्रजांनी पदच्युत केलेले साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज खुली चौकशी मागत राहिले आणि 1847 मध्ये काशीला नजरकैदेतच वारले. त्यांचे वकील रंगो बापूजी त्यांची बाजू घेऊन वर्षानुवर्षे लंडनमध्ये खेटे घालत होते. दाद मागायला न्यायालयच नसले, म्हणजे काय होते ते यात दिसते.

मिरजेचा निवृत्त शिक्षक
उदाहरण हृद्य आहे, पण येथे गैरलागू आहे. बारा महिन्यांची कैद ही काही बेमुदत कैद नव्हे. बेमुदत म्हणजे ग्वांटानामो हा अमेरिकेचा लष्करी तुरुंग: जानेवारी 2002 पासून डांबलेल्यांना बंदी प्रत्यक्षीकरणाचा हक्क आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बूमेडीन प्रकरणात 2008 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले. आपल्याकडे ‘यूएपीए’ या दहशतवादविरोधी कायद्याखाली माणसे वर्षानुवर्षे कच्चे कैदी राहतात, त्याबद्दल बोला.

कृष्णाकाठचा वकील
सर, ‘यूएपीए’च्या खटल्यात न्यायालयाने दिलेली कोठडी असते. त्यामुळे सामान्यतः ही याचिका चालत नाही, जामीनच मागावा लागतो. खटला लांबल्यास घटनात्मक न्यायालये (उच्च व सर्वोच्च न्यायालय) जामीन देऊ शकतात, हे 2021 च्या नजीब निकालाने स्पष्ट केले. पण तो आरोपी तोवर पाच वर्षांहून अधिक काळ आत होता. ग्वांटानामोतला कैदी बूमेडीनही सहा वर्षांनी जिंकला. माझा मुद्दा उशिराचाच आहे. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने सातारा आणि सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील आईबापांची मुंबईची वारी वाचली; आता तारीखही लवकर मिळावी.

राजवाड्याजवळचा दुकानदार
तारीख लवकर मिळावी, यावर माझा वाद नाही. परंतु शेवटचा गुन्हा आणि आदेश यांत अनेक महिन्यांचे अंतर पडले, एवढ्यावरून आदेश रद्द होतात, असे आपणच मागे सांगितले होते. तो उशीर एखाद्या कार्यालयात फाईल पडून राहिल्याने झालेला असतो. आरोपी मात्र सुटून माझ्या दारात येतो.

कृष्णाकाठचा वकील
होय, असे घडते. पण इतके महिने जो मोकळा फिरला, त्याला आजच तातडीने डांबण्याची गरज का पडली, या प्रश्नाला त्या फाईलमध्ये उत्तर नसेल, तर न्यायाधीशांनी आदेश कशाच्या आधारावर टिकवावा?